रोग्याच्या उशाशीं काय बोलावें?

पांझरेकांठच्या एका खेड्यांतील आमच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी तापानें आजारी होऊन एका मोठ्या इस्पितळांत पडले होते. रात्रीचे आठ वाजले. दिवसाची परिचारिका घरीं जावयास निघाली होती व रात्रीची नुकतीच कामावर आली होती. दोघी त्यांच्या खाटेच्या पायथ्याशीं उभ्या राहिल्या, कागद चाळले, आणि पहिलीनें दुसरीस सांगितलें, "फार वेळ टिकेल असें वाटत नाहीं. रात्रींतून केव्हांही जाईल." दुसरीनें मान हालविली व दोघी पुढच्या खाटेकडे गेल्या. हें बोलणें त्या वृद्धांच्या हातांत सलाईनसाठीं टोंचलेल्या सुईविषयीं होतें. शीर नाजूक होती, हात सुजूं लागला होता, आणि रात्रीं दुसरी शीर शोधावी लागेल, एवढाच त्याचा अर्थ. परंतु त्यांनीं तें आपल्या प्राणाविषयीं आहे असें समजून घेतलें. सारी रात्र त्यांचा डोळा लागला नाहीं. पहांटे थोरल्या मुलास जवळ बसवून विहिरींतील वांटा किती, बियाण्याचे पैसे कोणाचे द्यावयाचे राहिले, हें सर्व त्यांनीं सांगितलें आणि "मला घरीं ने" असा हट्ट धरिला.

पुढें चार दिवसांनीं ते बरे होऊन आपल्या पायांनीं घरीं आले. आतां ती गोष्ट सांगतांना ते हंसतात. परंतु एकदां ते आम्हांस म्हणाले, "मरणाचें इतकें नाहीं हो. माझ्याच मरणाची गोष्ट माझ्या पायाशीं उभें राहून चालली होती, आणि माझ्याकडे कोणीं पाहिलें सुद्धां नाहीं."

ह्यांत त्या दोन परिचारिकांचा दोष किती व कामाच्या घाईचा किती, ह्याचा निवाडा करण्यास आम्ही बसलों नाहीं. परंतु ह्या गोष्टीवरून एक प्रश्न आमच्या मनांत उभा राहिला, तो आज वाचकांपुढें ठेवितों. रोग्याविषयीं जें बोलावयाचें तें त्याच्या समोर बोलावें, कीं त्याच्या कानाआड बोलावें? प्रश्न दिसण्यांत इस्पितळाचा आहे. परंतु ज्या घरांत कधीं कोणी आजारी पडलें नाहीं असें घर नाहीं, म्हणून तो आपणां सर्वांचा आहे. शिवाय आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुली हें सेवेचें काम करीत आल्या आहेत. मिरजेस डॉक्टर विल्यम वॉन्लेस ह्यांनीं १८९४ सालीं इस्पितळ उघडलें, आणि आपल्या बाजूस चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना १९४२ पासून चालू आहे. अशा ठिकाणीं आमच्या कितीएक बहिणींनीं पांढरा पोशाख घालून रात्री जागविल्या. त्यांच्या कामांतील हा एक बारीकसा दिसणारा भाग आहे, पण त्यांत मोठी नीति गुंतलेली आहे.

प्रथम हें काम काय आहे तें पाहूं. रोग्याची काळजी चोवीस तास घ्यावी लागते, आणि एक माणूस चोवीस तास जागूं शकत नाहीं. म्हणून सकाळ, दुपार व रात्र अशा पाळ्या असतात. पाळी बदलतांना जाणारी परिचारिका येणारीस आपल्या ताब्यांतील एकेका रोग्याची हकीकत सांगते. ह्यास इस्पितळांत "ओव्हर देणें" म्हणतात. आमच्या जुन्या मराठींत "हवाली करणें" हा शब्द ह्यास चांगला शोभतो. रोग्याचें नांव, त्याचा रोग, कोणतें औषध दिलें व कोणतें द्यावयाचें राहिलें, सलाईन किती थेंबांनीं चालू आहे, लघवी किती झाली, ताप केव्हां चढला, पाठीस खाटेच्या जखमा पडूं लागल्या आहेत काय, उद्यां शस्त्रक्रिया असल्यास आज रात्रीपासून उपाशी ठेवावयाचें आहे काय, एखाद्या औषधानें अंगावर पुरळ येतें काय, इतक्या गोष्टी थोडक्या मिनिटांत एकीच्या डोक्यांतून दुसरीच्या डोक्यांत जाव्या लागतात.

ह्यांतील एक गोष्ट जरी वाटेंत गळली, तरी तिचें मोल रोग्यास द्यावें लागतें. मधुमेहाचें इंजेक्शन दिलें हें सांगावयाचें राहिलें तर तें दुसऱ्यांदा दिलें जाईल. उपाशी ठेवावयाचें हें सांगावयाचें राहिलें तर म्हातारीस सकाळीं चहा मिळेल आणि शस्त्रक्रिया पुढें ढकलावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं रोग्यांच्या सुरक्षिततेसाठीं नऊ उपाय प्रसिद्ध केले, त्यांत पाळी बदलतांना नीट हवाली करणें हा एक स्वतंत्र उपाय सांगितला आहे, आणि त्यांत रोग्यास व त्याच्या घरच्यांस सामील करून घ्यावें असेंही सुचविलें आहे.

परंतु ही हवाली कोठें करावी? पुष्कळ ठिकाणीं ती वार्डाच्या टोकाशीं असलेल्या टेबलापाशीं होते. तेथें सोय असते, बसावयास जागा असते, आणि एकदम सगळ्या खाटांचें सांगून होतें. दुसरी रीत अशी कीं, दोघींनीं मिळून खाटेखाटेपाशीं जावें, रोग्याचें नांव घेऊन त्यास नमस्कार करावा, येणारीची ओळख द्यावी, आणि त्याच्या देखत त्याची हकीकत सांगावी. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका ह्या देशांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ इस्पितळांनीं ही दुसरी रीत मुद्दाम धरिली आहे. ह्या रीतींत पहिला फायदा हा कीं, डोळे खोटें सांगत नाहींत. टेबलापाशीं "सलाईन चालू आहे" असें म्हटलें जातें. खाटेपाशीं गेल्यावर तें बंद पडून हात सुजलेला दिसतो. दुसरा फायदा हा कीं, रोगी स्वतः चूक सुधारूं शकतो. "बाई, तें रात्रीचें इंजेक्शन मला दिलेंच नाहीं," असें तो म्हणूं शकतो. आपल्या शरीराविषयीं इतका जागरूक पहारेकरी दुसरा कोण आहे?

येथें एका थोर बाईचें स्मरण होतें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या १८५४ सालीं क्रिमियाच्या लढाईंतील जखमी शिपायांची सेवा करण्यास गेल्या, हें आमच्या वाचकांनीं शाळेंत वाचलें असेल. त्यांनीं १८५९ सालीं शुश्रूषेवर जें पुस्तक लिहिलें त्यांत दोन गोष्टी आमच्या विषयाच्या आहेत. एक अशी कीं, तुम्ही हजर असतांना जें नीट होतें तें तुम्ही नसतांनाही नीट होईल अशी व्यवस्था केली नाहीं, तर तुमची सारी मेहनत फुकट आहे. दुसरी अशी कीं, रोग्याच्या खोलींत कुजबुजणें, किंवा त्याच्या दाराबाहेर उभें राहून त्याच्याविषयीं लांबलचक बोलत बसणें, हा क्रूरपणा आहे. कारण आपल्याविषयीं बोलणें चाललें आहे हें रोग्यास कळतें, आणि तो सारा जीव कानांत आणून तें ऐकावयास धडपडतो. पहिली गोष्ट हवाली करण्याची, दुसरी ती कशी करूं नये ह्याची. आज दीडशेंहून अधिक वर्षें होऊन गेलीं, तरी त्या बाईंनीं बोट ठेविलें तेथेंच आपलें अजून दुखत आहे.

आतां खाटेपाशीं बोलण्यावर जे आक्षेप घेतात ते आपण प्रामाणिकपणें ऐकले पाहिजेत, कारण त्यांत कांहीं खोटें नाहीं.

पहिला आक्षेप असा कीं, रोगी भितो. "रक्त कमी आहे," "ठोके अनियमित आहेत," असे शब्द ऐकून दुबळ्या मनाचा माणूस खचतो. शिवाय घरचे लोक पुष्कळदां डॉक्टरांस हात जोडून सांगतात, "त्यांना कांहीं सांगूं नका." ह्यास आमचें उत्तर असें कीं, भय शब्दानें येतें त्याहून अधिक अर्ध्या शब्दानें येतें. वर सांगितलेल्या वृद्धांस पूर्ण वाक्य ऐकावयास मिळालें असतें, "बाबा, ही सुई रात्रीं निघण्यासारखी आहे, दुसरी लावावी लागेल," तर ते घोरत पडले असते. हें मात्र खरें कीं, मोठें दुःखद वर्तमान पहिल्यानें सांगण्याची जागा पाळी बदलण्याची वेळ ही नव्हे. तें काम डॉक्टरांनीं बसून, हात हातांत घेऊन, घरच्यांच्या देखत, सवडीनें करावें. जें अद्यापि सांगितलें गेलें नाहीं तें परिचारिकेनें खाटेपाशीं उच्चारूं नये. परंतु तें "अद्यापि" किती दिवस लांबवावयाचें हा प्रश्न घरच्यांनीं आपल्या मनास विचारावा. ज्याचें आयुष्य, त्याच्यापासूनच तें लपवून ठेवण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

दुसरा आक्षेप ह्याहून जड आहे. आमच्या इस्पितळांतील वार्ड मोठे, खाटेस खाट लागलेली, मध्यें पडदा क्वचित्. एका खाटेपाशीं बोललेलें चार खाटांस ऐकूं जातें, आणि त्या चार खाटांवर कदाचित् आपल्याच तालुक्यांतील माणसें असतात. धुळ्याच्या सरकारी रुग्णालयांत साक्री, शिरपूर, शिंदखेडें येथील लोक येतात, सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल व पावरा बांधव येतात. रोग्याबरोबर आलेला पाहुणा गांवीं परत जातो तेव्हां तो वर्तमान घेऊन जातो.

एक उदाहरण घेऊं. समजा, सतरा वर्षांची एक भिल्ल मुलगी हाडें व छाती दुखते म्हणून रडत आणली आहे. तिला सिकलसेल नांवाचा रक्ताचा रोग आहे. हा आईबापांकडून येणारा रोग आहे. ह्यांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होतात, बारीक शिरांत अडकतात, आणि असह्य वेदना होतात. धुळें व नंदुरबार जिल्ह्यांतील आदिवासी बांधवांत हा रोग पुष्कळ आढळतो, आणि त्याच्या निर्मूलनासाठीं भारत सरकारनें १ जुलै २०२३ पासून एक राष्ट्रीय मोहीम चालविली आहे. आतां पाळी बदलतांना तिच्या खाटेपाशीं कोणी मोठ्यानें "सिकल" असा शब्द उच्चारिला, आणि शेजारच्या खाटेवर तिच्या होणाऱ्या सासरचें कोणी असलें, तर काय होईल हें खेड्यांत राहणाऱ्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

पण ह्याच मुलीची हवाली टेबलापाशीं झाली तर काय होतें, तेंही पाहा. दिवसाची परिचारिका थकलेली असते. ती सहज म्हणते, "अकरा नंबरची फार ओरडते. सवयच आहे तिला." रात्रीची परिचारिका तें वाक्य घेऊन कामास लागते. मध्यरात्रीं मुलगी विव्हळते, तेव्हां तिला तें दुःख ऐकूं येत नाहीं, सवय ऐकूं येते. वेदनेचें औषध उशिरां मिळतें. सकाळीं तेंच वाक्य तिसरीकडे जातें. अशा रीतीनें औषधाच्या यादीबरोबर एक दूषणही पाळीपाळीनें हवाली होत राहतें, आणि ज्या मुलीवर तें ठेविलें आहे तिला त्याची खबरही नसते. तिच्या समोर उभें राहून, तिच्या डोळ्यांत पाहून, हें वाक्य कोणासही बोलवलें नसतें. समोर बोलण्यानें रोग्याचें कल्याण होतें त्याप्रमाणें बोलणाऱ्याच्या जिभेसही लगाम बसतो.

तेव्हां दोन्ही बाजूंस धोका आहे. आमच्या मतें ह्यांतून वाट काढणारा नियम असा आहे. रोग्याची हकीकत ही रोग्याची मालमत्ता आहे. ती शेजाऱ्यापासून राखून ठेवणें हें इमानाचें काम आहे; ती खुद्द रोग्यापासून राखून ठेवणें म्हणजे मालकाची वस्तु मालकास न दाखविणें होय. ह्या नियमानें चालल्यास पुष्कळ गुंता सुटतो. दुखणें, खाणें, झोंप, सलाईन, मलमपट्टी, उद्यांची तपासणी, ह्या गोष्टी खाटेपाशीं, रोग्यास सामील करून, मोकळेपणानें बोलाव्या. रोगाचें नांव, रक्ताचा निकाल, घरचें गुपित, बाईमाणसाची नाजूक बाब, ह्या टेबलापाशीं हळू सांगाव्या, किंवा खाटेपाशीं कागदावर नुसतें बोट ठेवून दाखवाव्या. आणि टेबलापाशीं सुद्धां असें कांहीं बोलूं नये, कीं जें रोग्यानें ऐकलें असतें तर आपणांस मान खालीं घालावी लागली असती.

कायद्याचा रोखही हाच आहे. एचआयव्हीच्या संसर्गाविषयींचा २०१७ चा कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला, त्याअन्वयें कोणाची ती अवस्था त्याच्या समजून दिलेल्या संमतीवांचून उघड करण्यास, कायद्यानें सांगितलेले अपवाद सोडून, मनाई आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २०१८ सालीं रोग्यांच्या हक्कांची जी सनद तयार केली, तींत आपल्या रोगाची माहिती मिळण्याचा हक्कही आहे आणि ती गुप्त राहण्याचा हक्कही आहे. दोन्ही एकाच सनदेंत, एकाच माणसाचे. परंतु कायदा वार्डांतील प्रत्येक खाटेपाशीं उभा राहूं शकत नाहीं. तेथें माणसाची मर्यादाच उभी राहते.

तिसरा आक्षेप वेळेचा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणें शिकविणाऱ्या रुग्णालयांत तीन रोग्यांमागें एक व इतर रुग्णालयांत पांच रोग्यांमागें एक परिचारिका असावी. प्रत्यक्षांत आमच्या सरकारी वार्डांत एका बाईकडे ह्याहून कितीतरी अधिक खाटा असतात, हें जो तेथें एक रात्र बसला आहे त्यास ठाऊक आहे. ज्यांचे पाय दिवसभर उभें राहून सुजले आहेत त्यांस आणखी एक कर्तव्य शिकविणें सोपें आहे. म्हणून आम्ही फार मागत नाहीं. नांव घ्यावें, तोंडाकडे पाहावें, आणि जातांना एक प्रश्न विचारावा, "आजी, आणखी कांहीं सांगावयाचें राहिलें काय?" ह्यास अर्धें मिनिट लागतें. पुढें रात्रीं दहा वेळां हांका मारण्याचें कारण त्या अर्ध्या मिनिटानें पुष्कळदां नाहींसें होतें.

येथें भाषेचाही प्रश्न आहे. वार्डांतील बोलणें इंग्रजी शब्दांनीं भरलेलें असतें. रोगी अहिराणी, भिली, पावरी किंवा मावची बोलणारा असतो. समोर बोललें पण त्यास कळलें नाहीं, तर तें कानाआड बोलल्यासारखेंच झालें. एखादी म्हातारी "माले काय व्हयनं?" असें विचारते, तेव्हां तिला तिच्या बोलींत दिलेलें दोन शब्दांचें उत्तर मोठ्या अहवालाहून मोलाचें असतें. जी परिचारिका स्वतः खेड्यांतून आली आहे, तिनें आपली बोली इस्पितळाच्या दारांत ठेवून येऊं नये. ती तेथें औषधाइतकीच उपयोगी आहे.

शोमरोनी गृहस्थाची गोष्ट आमच्या वाचकांस पाठ आहे. तींत हवालीचाही एक प्रसंग आहे, तिकडे आमचें लक्ष फारसें जात नाहीं. तो जखमी माणसास उतारशाळेंत आणून सोडून गेला नाहीं. रात्रभर त्याची काळजी घेतली, दुसरे दिवशीं शाळेच्या रक्षकास पैसे दिले, काय करावयाचें तें सांगितलें, आणि परत येऊन उरलेला खर्च फेडण्याचें वचन दिलें. जाणाऱ्याची जबाबदारी त्याच्या जाण्यानें संपत नाहीं, हें ह्याहून सोप्या रीतीनें कोणीं सांगितलें आहे?

आतां आपल्या गांवाकडे वळूं. वरचा दोष इस्पितळाचा म्हणून वाचून आपण सुखी होऊं, तर ह्या लिहिण्याचा कांहीं उपयोग नाहीं. आपल्या घरीं कोणी आजारी पडलें म्हणजे काय होतें? लोक भेटावयास येतात, खाटेभोंवतीं बसतात, आणि खाटेवरच्या माणसास सोडून एकमेकांशीं बोलतात. "आमच्या मेहुण्यास असेंच झालें होतें. महिन्यांत गेला." रोगी छपराकडे पाहत पडलेला असतो. त्याची बायको रात्रीं जागते, सकाळीं सून बसते, दुपारीं मुलगा बसतो. परंतु गोळी दिली कीं नाहीं हें एक दुसऱ्यास सांगत नाहीं, आणि रोग्यास तर कोणी विचारीतच नाहीं. घरांतही पाळ्या आहेत, घरांतही हवाली आहे. ती तोंडीं, रोग्याच्या देखत, त्यास विचारून करावी. लिहितां येत असेल तर भिंतीस एक कागद लावून त्यावर गोळीची वेळ लिहावी.

उपदेशक व बायबलबाया ह्यांस आमचें विशेष सांगणें आहे. तुमच्यावर लोक विश्वास ठेवितात, म्हणून तुमच्या कानीं गुपितें येतात. आजाऱ्याच्या घरीं प्रार्थना करितांना त्याच्या रोगाचें नांव चारचौघांत घेण्यापूर्वीं त्याची परवानगी घेतली काय? मंडळींत विनंतीची प्रार्थना सांगतांना, किंवा हल्लीं मोबाइलवरील मंडळीच्या समूहांत ती लिहितांना, क्षयाचें, वेडाचें, कुष्ठाचें, किंवा कोणा मुलीच्या आजाराचें नांव लिहिण्याची खरोखर गरज होती काय? हेतु चांगला असतो, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु प्रार्थनेच्या वाटेनें बाहेर पडलेलें गुपितही गुपितच होतें, आणि तें परत आणतां येत नाहीं. "आमच्या एका आजारी बहिणीसाठीं" एवढें म्हटलें तरी ज्यास कळावयाचें त्यास कळतें.

ते वृद्ध शेतकरी पुन्हां एकदां तपासणीसाठीं इस्पितळांत गेले, तेव्हां एक दिवस त्यांस तेथें राहावें लागलें. संध्याकाळीं पाळी बदलली. जाणारी परिचारिका खाटेपाशीं येऊन म्हणाली, "बाबा, मी आतां निघतें. ह्या बाई रात्रभर तुमच्याकडे पाहतील. तुमचें सगळें मीं त्यांना सांगितलें आहे. कांहीं चुकलें असेल तर तुम्हीच सांगा." त्यांनीं थोडा विचार करून सांगितलें कीं, डाव्या हातांत सुई घालूं नका, उजव्यांत घाला, डाव्यांतील शीर टिकत नाहीं. ती गोष्ट कागदावर लिहिलेली नव्हती. येणाऱ्या बाईनें ती लिहून घेतली.